बोटभर फट

चंद्रपुरात आता दर उन्हाळ्यात पारा छप्पन्नवर जायचा. दुपारचे चार तास वीज जाणार, हे रोजचंच होतं. देवाजी मिस्त्री यमुनाबाईंच्या भिंतीला उष्णता अडवणारा फोमचा शेवटचा जाड तक्ता बसवून, स्टुलावर उभा राहून वरचा सांधा बुजवत होता. खोली आताच निवली होती, पण म्हातारीला चैन पडेना.

“बोटभर फट ठेवजो ना, भाऊ. घराले श्वास नाही लागत का?”

“हवेसाठी जमिनीखालून पाइप दिला ना, मावशी.”

“तरी. सगळेच मिस्त्री ठेवत होते.”

“मीबी ठेवत होतो.” देवाजीने सांध्यावरून सावकाश तळहात फिरवला. “मागच्या उन्हाळ्यात मायच्या खोलीतही ठेवली. दुपारभर त्या फटीतून झळ आत येत राहिली. संध्याकाळी वीज आली, तवा माय नव्हती.”

यमुनाबाईंनी उठून त्याचं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.