ओलं चित्र

पलंग ओढला तेव्हा मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅनव्हास दिशाच्या हाताला लागला. तिने तो उचलला आणि तिचा अंगठा हिरवा झाला. जाड तैलरंग अजून ओला होता.

आईचं तेरावं कालच झालं होतं. खोपटच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दिशा आणि कलावतीमावशी आईच्या साड्या वेगळ्या काढत होत्या. दिशाचे वडील, विश्राम, बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होते.

दिशाने कॅनव्हास उजेडात धरला. आधी नुसते रंगाचे फटकारे दिसले. मग उशी दिसली. मग आई दिसली.

मावशी तिच्या खांद्यावरून डोकावली. विश्रामभावोजींची चित्रं तिला कधीच कळली नव्हती. लांबून बघायची असतात, असं ते सांगायचे. त्यावर जया, दिशाची आई, म्हणायची की एवढं लांब जायचं तर खाली एसटी स्टँडवरच उभं राहावं लागेल. आजही मावशीला पटकन काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती "अगं बाई" म्हणाली आणि साड्यांच्या ढिगावरच बसली.

दिशा कॅनव्हास घेऊन बाहेर आली.

"हे कधी काढलंत?"

विश्रामनी आधी तिच्या अंगठ्याकडे बघितलं. "कडेला धर. ओलं आहे."

"बाबा, कधी काढलंत?"

"त्या दुपारी."

त्या दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले होते. जवळच्यांना बोलावून घ्या, म्हणाले होते. विश्रामनी डोंबिवलीला लेकीला फोन केला. दिशा होती तशी निघाली आणि मुंब्रा बायपासला ट्रकांच्या मागे अडकली. गाडीत बसून ती सारखी फोन लावत होती. बाबा उचलत नव्हते. तिला वाटलं, आईचा हात हातात असेल, सोडवत नसेल. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत आली होती. मी नव्हते, पण बाबा जवळ होते.

"मी फोन करत होते," दिशा म्हणाली.

"ऐकू येत होता. हात रंगाचे होते."

मावशी दारात येऊन उभी राहिली होती. ती दिशाला म्हणाली की आता राहू दे, आता बोलून काय होणार. दिशाने तिच्याकडे बघितलंही नाही.

विश्राम शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा दरवर्षी नववीच्या वर्गाला त्या फ्रेंच चित्रकारांबद्दल सांगायचे. दीडशे वर्षांपूर्वी रंग ट्यूबमध्ये मिळू लागले, तशी ही माणसं खोल्या सोडून नदीवर, शेतात, रेल्वे स्टेशनात जाऊन बसू लागली. उजेड बदलायच्या आत चित्र काढायचं, एवढाच त्यांचा हट्ट. लोक हसले. अर्धवट कामं म्हणाले. त्यांच्यातल्या एकाची बायको तरुणपणीच गेली. तो उशाशी बसला होता, आणि मरण तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक कोणते रंग चढवतंय ते आपण बघत बसलोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते काढलं. म्हातारपणी एका मित्राला हे सांगितलं. दिशाही त्याच शाळेत होती. 

"मला ती गोष्ट आवडायची," दिशा म्हणाली. "वाटायचं, अशी माणसं तिकडे असतात."



टेबलावर रंग खरवडायची सुरी पडली होती. न जमलेल्या ओल्या चित्रावर बाबा ती फिरवायचे आणि खालचं कापड मोकळं करून घ्यायचे, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिने सुरी त्यांच्या हातात दिली, कॅनव्हास त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पुसा. माझ्यासमोर."

त्यांनी वाद घातला नाही. खालच्या कोपऱ्यातून, चादरीपासून सुरुवात केली. रंगाची जाड पट्टी सुरीवर आली. ती त्यांनी फडक्याला पुसली आणि दुसरी पट्टी काढली. ते नेहमीसारखेच सावकाश काम करत होते. सुरी चेहऱ्याच्या जवळ आली तशी दिशा पुढे झाली.

"तिला हिरवं का केलंत? अशी नव्हती ती."

विश्रामनी मानेनेच खिडकी दाखवली. समोरची बिल्डिंग पाडायला काढली होती. तिला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावली होती. दुपारचं ऊन त्या जाळीतून पलंगावर येतं, ते म्हणाले. उजेड तसा होता.

दिशा खाली, त्यांच्या खुर्चीजवळ बसली. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ लिहिलेली होती, पण ती डॉक्टरांनी येऊन बघितल्याची वेळ.

"ती गेली कधी?" तिने विचारलं.

"मला कळलं नाही."

"तुम्ही समोर होतात."

"समोरच होतो."

 मग विश्राम वाकले, नाक रंगाला लागेल इतके जवळ गेले. चेहरा ज्या क्रमाने रंगवला होता त्याच क्रमाने सुरीचं टोक त्यांनी न टेकवता कपाळावरून नेलं. भुवईवर आलं, गालावर आलं, नाकाच्या कडेने खाली उतरलं. ओठांच्या खाली थांबलं. तिथे हिरव्यातला पिवळा रंग संपत होता. पुढचा करडा एकाच दिशेला ओढलेला होता, दुसऱ्याच कोणाच्या हातचा वाटावा असा.

"इथपर्यंत होती," विश्राम म्हणाले.