भेटीचा तास

ओल्डमच्या इस्पितळात दुपारी दोन ते तीन ही भेटीची वेळ. क्लेम टॅटरसॉल पावणेदोनलाच दाराशी येऊन उभा राहिला. थोरल्या भावाला तो सहा वर्षांनी भेटणार होता. एनॉकची छाती सूतगिरणीच्या कापसानं भरून गेली होती. त्याला लंडनला आपल्या घरी न्यायचं, एवढं एकच ठरवून क्लेम आला होता. घर चार खोल्यांचं, आणि राहणारा तो एकटा.

वॉर्डात पाऊल टाकताच माना वळल्या. सिनेमात लोकांना हसवणारा क्लेम कुणाला ठाऊक नव्हता?

"टॅटरसॉलसाहेब, ती तुमची चाल एकदाच करून दाखवा," सिस्टर म्हणाली. "खिडकीजवळचे म्हातारबाबा महिनाभर हसले नाहीत."

क्लेमनं भावाकडे पाहिलं. एनॉक उशांना टेकून बसला होता. त्यानं हातानंच 'जा' म्हटलं.

खांदा पाडून, डावा पाय ओढत क्लेम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. म्हातारबाबा हसले. पलीकडच्यांना नीट दिसलं नाही म्हणून तो पुन्हा चालला. कुणाच्या बायकोला सही हवी होती, कुणाला नातवाच्या नावानं. एनॉकच्या खाटेशी पोचेपर्यंत पावणेतीन वाजले.

"आपले बाबा इतके भरभर चालत नसत," एनॉक म्हणाला.

क्लेम खुर्चीत बसला. "चाल त्यांची, हे तुला कळलं होतं?"

"पहिल्याच सिनेमात. आईलाही कळलं. ती अर्ध्यातून उठून आली." धाप लागली म्हणून तो थांबला. "रागावलो नाही रे मी. लोक हसतात, बरं वाटतं. पण यंत्रात त्यांचा पाय सापडला तेव्हा तू पाळण्यात होतास. मी त्यांचा डबा घेऊन गिरणीच्या दारात उभा होतो."

क्लेमनं खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाला, "माझ्याकडे चल, एनॉक. बाग आहे. डॉक्टर चांगले आहेत."

"तू दिवसभर कुठं असतोस?"

"स्टुडिओत."

"मग मी भांडू कुणाशी? इथं शेजारी हा ॲम्ब्रोज आहे. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण बोलतो तरी." त्यानं क्लेमच्या मनगटावर हात ठेवला. "आलास ना, झालं."

घंटा वाजली. खुर्च्या सरकल्या, बायका पिशव्या उचलून निघाल्या. क्लेम उठला नाही. एनॉकचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"चला साहेब, तीन वाजले," सिस्टर म्हणाली.

तो तसाच बसून राहिला. तिनं पुन्हा सांगितलं, मग त्याच्या कोटाची बाही हलकेच ओढली. त्यानं एका हातानं खाटेची कड घट्ट धरली.

"नक्कल पुन्हा सुरू झाली," म्हणत समोरच्या खाटेवर कुणीतरी फिसकन हसलं. मग ॲम्ब्रोज. मग सगळा वॉर्ड. खिडकीजवळच्या म्हातारबाबांना तर हसता हसता खोकल्याची उबळ आली. बोलता येईना, तरी हात हलवून ते क्लेमला खुणावत होते, अजून, अजून.