एक टिक कमी

मालकांचा, आप्पासाहेबांचा, हुकूम होता, "श्रेयाला ॲडमिन कर." म्हणून हेमचंद्र कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढच्या चौकटींत टिक करत बसला होता. नोंद घालणे, टिक. नोंद खोडणे, टिक. एकेक टिक त्याच्या जिवावर येत होती.

पावसानं यंदाही दगा दिला होता, शहर मात्र पसरतच होतं. पाण्याच्या टँकरच्या या ऑफिसात फोनला उसंत नव्हती. आता शेंद्र्याला नवी शाखा निघणार होती आणि तिथल्या मॅनेजरच्या खुर्चीवर हेमचंद्रचा डोळा होता. पण गंगापूरहून आलेली ही पोरगी वर्षभरात आप्पासाहेबांची लाडकी होऊन बसली होती. ऊठसूट श्रेया, श्रेया. ऐकून हेमचंद्रच्या पोटात दुखायचं, अगदी खरोखर दुखायचं.

शेवटची चौकट राहिली: इतरांची खाती उघडणे, बंद करणे. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, ते या टिकवर. हेमचंद्रनं ती चौकट रिकामीच ठेवली.

"सर, ती राहिली," शेजारी बसलेली श्रेया म्हणाली.

"राहू दे. तुला काय करायचीय?"

"बरं सर."

तिनं वाद घातला नाही, याचाही त्याला राग आला.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. "झालं का समदं देऊन हिला?"

"खाती माझ्याकडंच ठेवलीत," हेमचंद्र म्हणाला. "हिला अजून जमायचं नाही. चुकून कुणाचं खातं उडवलं तर चाळीस टँकर जागच्या जागी उभे राहतील. इथं मीच लागतो."

आप्पासाहेब खुर्चीत टेकले. "आसं व्हय? मी तर तुला शेंद्र्याला धाडणार होतो, मॅनेजर म्हणून. म्हणलं, इथलं हिच्याकडं दिलं की तू मोकळा."

हेमचंद्रचा हात पुन्हा माउसकडं गेला. "नाही म्हणजे... शिकवतो ना मी तिला. आजच शिकवतो."

"नको. तूच म्हणतोस, इथं चूक परवडत नाय. मग हिलाच धाडतो शेंद्र्याला. तिथं चार टँकर. उडवायला अजून कायच नाय."

श्रेया उठून उभी राहिली.

"बस की गं," आप्पासाहेब तिला म्हणाले आणि हेमचंद्रकडं वळले. "तिकडच्या कॉम्प्युटरवर हिला ॲडमिन करून दे. येक बी टिक सोडू नको. तुझ्याबिगर येतंय कुणाला ते?"