पाय टेकायचा नाही

"पाय टेकला की फोन लावणार हं मी!" धाकटी मागून ओरडली.

"लाव की! आधी गाठ तर मला!" थोरलीनं मान न वळवता उत्तर फेकलं आणि पेडल दाबलं.

थोरली शिंपीण, वय अडुसष्ट. सायकलीवर तंबू, स्टोव्ह, दोन पातेली, बारा लिटर पाणी, आणि स्वतः शिवलेल्या चार पिशव्यांत काय काय, ते तिलाच ठाऊक. सायकल इतकी जड, की मघाशी झाडाखालून गेली तर झाडाची सावलीसुद्धा दोन पावलं तिच्यामागं ओढली गेली.

निघताना थोरलीच्या मुलानं बजावलं होतं, "आई, त्या मोठ्या चढावर कुठंही पाय टेकलास तर मावशी मला फोन करेल. मी गाडी घेऊन येईन, आणि सायकल कायमची माळ्यावर." पंच म्हणून त्यानं मावशीलाच नेमलं. ती मास्तरीण. उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नव्हता.

चढ सुरू झाला. पिवळं वाळकं गवत, मधे मधे एकेकटी ओकची झाडं, आणि हवा अशी कोरडी, की घामाचा थेंब जमिनीवर पडायच्या आत वाळावा. माथा वीस हातांवर आला. दहा हातांवर आला. आणि वाटेच्या मधोमध हरीण! शिंगं एवढी, की घरादाराचे कपडे वाळत घालावेत.

"सरक रे बाबा, सरक!"

हरणानं जांभई दिली.

चाक डगमगलं. धाकटीचा हात फोनकडे गेला. तेवढ्यात थोरलीनं हँडल वळवलं आणि सायकलीसकट वाटेच्या कडेच्या ओकला मिठी मारली.

"टेकला!"

"गाल टेकलाय, पाय नाही. चष्मा पूस आणि बघ."

धाकटीनं खरंच चष्मा पुसला, वाकून दोन्ही पाय तपासले. दोन्ही पेडलवर. हरणानंही पाहिलं, आणि कंटाळून निघून गेलं.

आता झाडापासून सुटायचं कसं? थोरलीनं खोडाला आणखी घट्ट विळखा घातला.

"धाकटे," ती पहिल्यांदाच हळू बोलली, "हात सोडला तर टेकणार गं."

धाकटीनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग स्वतःची सायकल गवतात आडवी टाकली, बाह्या सरसावल्या, आणि मागच्या पिशव्यांना असा रेटा दिला, की ओकची पानं गळाली.

"अगं, पंचानं ढकलायचं असतं का?"

"गप बस आणि पाय मार!"

धाकटी माथ्यावर पोचते न पोचते तोच फोन वाजला. धापा टाकतच तिनं तो उचलला.

"मावशी, टेकला का पाय?"

समोरच्या उतारावर धुळीचा लोट उठला होता, पातेली खणखणत होती, आणि थोरली पेडल सोडून, दोन्ही पाय हवेत फाकवून, किंचाळत सुटली होती.

"नाही रे," धाकटी म्हणाली. "आणि आज टेकेलसं दिसत नाही."