पाठवलेला खेळाडू

"पाठवलेल्या माणसाकडे नुसतं पडद्यावर बघू नकोस, निवेस. अधूनमधून त्याच्या तोंडाकडेही बघत जा," व्लास्ता तिला एकदा म्हणाली होती. धंद्यात मुरलेली बाई. निवेस तेव्हा हसली होती. "मी खेळाडू पाठवते, व्लास्ता. पाळणाघर नाही काढलेलं."

आता तिच्या मांडीवर तिची लहानगी फानी भोपळ्याची पेज थुंकत होती आणि पडद्यावर बार्बा श्पिरोच्या नावापुढे डावांच्या रकान्यात शून्य होतं. काल शून्य, परवाही शून्य.

पोकरची संकेतस्थळं पारखायची, बरी वाटतील ती आपल्या पानावर मांडायची, आणि तिथून जो खेळायला जाईल त्याच्या खेळातून कंपनीकडून वाटा घ्यायचा, हे तिचं पोट. नवी कंपनी पानाच्या माथ्यावर चढवण्याआधी ती एक आपलं माणूस आपल्या लिंकवरून आत सोडायची. त्याच्यावरची आपली खूण टिकते का, की कंपनी ती गुपचूप पुसून टाकते, ते बघायला. या वेळचं माणूस खालच्या मजल्यावरचं होतं. बार्बा श्पिरोनी, म्हणजे श्पिरोकाकांनी, जन्मभर बेटांच्या फेरीबोटी हाकल्या होत्या. खातं उघडून देताना रोजच्या खर्चाची मर्यादा निवेसनेच लावून दिली होती.

एकतर बार्बा कंटाळले, नाहीतर कंपनीने त्यांना तिच्या लिंकवरून पळवलं. दुसरं असेल तर कंपनीशी उद्या व्हायचा करार मोडायचा. फानीला कडेवर मारून ती खाली उतरली.

स्वयंपाकघरात त्यांची बायको तेता लुचे, म्हणजे लुचेकाकू, खिडकीकडे तोंड करून पालेभाजी धूत होती. बार्बा टेबलाशी बसले होते. दाढी वाढलेली.

"काय बार्बा, पोकर सोडलात वाटतं?"

"सोडला!" तेता न वळताच म्हणाली. "सेंट निकोलसला मेणबत्ती लावली मी. आता दिवसभर फोन घेऊन संडासात बसतात. पोट बिघडलंय म्हणे. एवढं बिघडलेलं पोट अख्ख्या स्प्लिट शहरात नसेल."

बार्बा हसले नाहीत. त्यांनी तेताच्या पाठीकडे एकदा पाहिलं, मग निवेसकडे, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले.

निवेसने ती खूण ओळखली. दर उन्हाळ्यात जत्रेच्या ब्रिश्कुलाला ती त्यांची जोडीदार असे. त्या पत्त्यांच्या खेळात जोडीदाराला चेहऱ्याने खुणावायची मुभाच असते. ओठांचा चंबू म्हणजे एक्का. तोंड वाकडं म्हणजे तिर्री. डोळे मिटले, म्हणजे हातात काही नाही.

"बार्बा, फानीला जरा मांजर दाखवायला अंगणात नेता?" ती म्हणाली आणि त्यांच्यामागून बाहेर पडली.

अंजिराखाली फानी मांजराकडे झेपावत राहिली आणि बार्बा तिच्या टाळूशी बोलल्यासारखे बोलले.

"कंपनीची एक पोरगी फोन करायची. 'कॅप्टन, कसे आहात?' म्हणायची. आपली पोरं नाही करत गं एवढे फोन. म्हणाली, निवेसच्या लिंकचं खातं बंद करा, आमच्याकडे थेट नवं उघडा, वर बक्षीस देऊ. उघडलं. तू लावलेली ती मर्यादा नव्यात नव्हती." त्यांनी फानीला दुसऱ्या हातावर घेतलं. "होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे होते, ते गेले. लुचेला ठाऊक नाही."

निवेसने तिथेच उभं राहून कंपनीच्या माणसाला संदेश पाठवला. उत्तर लगेच आलं, फार गोड. चूक झाली, क्षमस्व. खेळाडू पुन्हा तुमच्या लिंकला जोडतो. नव्या खात्यातल्या सगळ्या खेळाचा वाटा मागच्या तारखेपासून तुमचा.

तिने ते दोनदा वाचलं. बार्बा जितके जास्त खेळले, तितका तिचा वाटा मोठा. अंजिराचा चीक लागल्यासारखं तिने बोट झग्याला पुसलं आणि लिहिलं: जोडू नका. खातं आजच्या आज बंद करा, पुन्हा उघडू देऊ नका, त्यांना फोन करू नका. उद्याचा करार रद्द.

"फोन माझ्याकडे द्या, बार्बा. तो नंबर अडवते. पण तेताला तुम्हीच सांगायचं."

"मारेल ती मला."

"कशाला मारू?" खिडकीतून तेताचा आवाज आला. "इंजिन कोण बसवेल मग? अरे श्पिरो, माझ्यासमोर काच होती. तू डोळे मिटलेस ते दिसलं मला तिच्यात. चाळीस वर्षं तुझ्याशी ब्रिश्कुला खेळून हरतेय मी, काय फुकट?"

बार्बांनी फानीला छातीशी धरलं. त्यांचे खांदे हलत होते. निवेसला आधी वाटलं, रडताहेत. मग फानीही खिदळायला लागली.

"आत ये," तेता म्हणाली. "आणि किती गेले ते खरं सांग. उन्हाळाभर वल्ही मारू. तुझं पोटही कमी होईल."

दुपारी फानी झोपल्यावर निवेसने पान उघडलं. ज्या जागी नव्या कंपनीचं नाव चढायचं होतं तिथे तिने ती कंपनी खेळाडू कसे पळवते ते लिहिलं. खूण पुसली जाते हे लिहिलं, आणि खुणेबरोबर मर्यादाही पुसली जाते हेसुद्धा. शेवटी तिने वाचणाऱ्यांसाठी आणखी तीन ओळी घातल्या:

तुमच्या शब्दावर कोणी खेळायला गेलं असेल, तर आज त्याच्याकडे जाऊन या. फोन करू नका, फोनवर सगळे "मजेत" म्हणतात. त्याच्या समोर बसा, आणि तो बोलायला लागेपर्यंत उठू नका.