राणीची शपथ

रविवारच्या सुस्त दुपारी देवांच्या डब्यात काहीतरी खुळखुळलं. पाच वर्षांच्या शरयूनं खापरपणजोबांचा बिल्ला शोधून काढला होता.

"ते घोडदळात होते, बाळा," पद्मजा म्हणाली. "इंग्रजांच्या राणीची शपथ घेऊन काबूलकडे लढाईला गेले. परत आला तो नुसता घोडा. तेव्हापासून आपल्या घरात कुणी शपथ घेत नाही."

तेवढ्यात आतून गुरुदत्त ओरडला, "अगं, उद्या सिटिझनशिपच्या शपथेत 'अमेरिकेसाठी शस्त्र उचलीन' असंही म्हणायचंय! मी आणि शस्त्र! मला साधं झुरळ मारवत नाही!"

पद्मजा हसली नाही. तिनं बिल्ला घाईघाईनं डब्यात टाकला.



"आई, बाबांकडे तर घोडाच नाही. मग परत कोण येणार?"