कोरडा पाइप

धाकट्याने हौसेने टर्बो बसवलेली गाडी धूर का सोडते, ते बघायला त्याचा मेकॅनिक दादा येणार होता. दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी दात घासावेत, तसा धाकट्याने हवेचा पाइप आतून लख्ख पुसून ठेवला. तेल दिसलं असतं तर बोलणी बसली असती. दादाने पाइपात बोट फिरवलं. "कोरडा आहे. म्हणजे टर्बोचं सील शाबूत, तेल हवेत गळत नाही. नाहीतर डिझेल इंजिन स्वतःचंच तेल पिऊन उधळतं, किल्ली काढली तरी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. चल, चालू कर," म्हणत तो इंजिनावर वाकला. धाकट्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, मग किंचाळायला लागलं. गॅरेज निळ्या धुराने भरलं. "बंद कर!" दादा ओरडला. धाकट्याने काढलेली किल्ली वर धरून दाखवली. आवाज चढतच होता. दादाने किल्लीकडे पाहिलं, मग आपल्या कोरड्या बोटाकडे.